‘हृदय वाढले आहे’ म्हणजे नेमके काय? हृदयस्नायूचे विकार, त्यांचे उपचार आणि आयुर्मान



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या गुरुजींची विज्ञान शिकवण्याची एक रीत होती. मुलाने उत्तर दिले की ते प्रथम त्या उत्तरातील शब्दांचा अर्थ विचारीत. हैदराबादेत मराठी शाळेत शिकून पुढे उर्दू, तेलुगू आणि इंग्रजीच्या बाजारात वावरणाऱ्या आम्हां मुलांना त्या सवयीचा फार उपयोग झाला. आज मीही एका वाक्याचा अर्थ विचारणार आहे. माझ्या तपासणीच्या खोलीत निम्मे रुग्ण ते वाक्य बरोबर घेऊन येतात: ‘डॉक्टर, हार्ट एन्लार्ज झालंय म्हणतात.’

हे वाक्य खोटे नसते, परंतु त्याच्या पोटात किमान तीन निरनिराळे आजार दडलेले असतात. एका आजारातले जीवनदायी औषध दुसऱ्या आजारात घातक ठरू शकते. एकात रुग्ण पूर्ववत हिंडू-फिरू लागण्याची चांगली आशा असते, तर दुसऱ्यात निदानाला वर्षभर उशीर झाला तर हाती फारसे काही उरत नाही. म्हणून ‘वाढले’ एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. काय वाढले, पोकळी की भिंत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रथम थोडे शरीरशास्त्र. प्रौढ माणसाचे हृदय साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाचे असते आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या चार कप्प्यांपैकी डावी जवनिका हा मुख्य कप्पा. शरीरभर रक्त ढकलण्याचे काम तिचे. तिच्या भिंतीची जाडी निरोगी माणसात एक सेंटीमीटरच्या आसपास असते. रोहिण्यांतील अडथळा, वाढलेला रक्तदाब, झडपांचे दोष किंवा जन्मजात व्यंग यांच्यामुळे ही भिंत बिघडली तर ते कारण स्पष्ट असते. पण ही कारणे नसताना, किंवा असलेल्या कारणाच्या मानाने फारच अधिक प्रमाणात, स्नायूच दूषित झालेला आढळतो तेव्हा त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हा शब्द ब्रिटिश वैद्य वॉलेस ब्रिग्डन यांनी १९५७ साली रूढ केला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील जॉन गुडविन यांनी १९६० च्या दशकात त्याचे तीन प्रकार पाडले: पसरलेले हृदय, जाड झालेले हृदय आणि ताठर झालेले हृदय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली ही विभागणी स्वीकारली आणि १९९५ साली तीत चौथ्या प्रकाराची भर घातली. आता जनुकांच्या आधारे नवी वर्गीकरणे झाली आहेत, पण रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर गुडविन यांची जुनी विभागणीच आजही सर्वांत उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

पसरलेल्या हृदयापासून आरंभ करू. यात जवनिकेची पोकळी वाढते, भिंत पातळ व दुबळी होते आणि रक्त ढकलण्याची शक्ती घटते. आपल्याकडे रुग्ण याला ‘पंपिंग कमी झाले’ म्हणतात, आणि ते वर्णन यथार्थ आहे. साधारणपणे साठ टक्क्यांच्या आसपास असणारे हे पंपिंग तीस किंवा वीस टक्क्यांवर येते. जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो, पायांवर सूज येते. कारणे पुष्कळ आहेत. काही घराण्यांत तो वंशपरंपरेने येतो. स्नायूतील टायटिन नावाच्या महाकाय प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्यातले सर्वांत मोठे कारण असल्याचे २०१२ साली निश्चित झाले. काहींना विषाणूच्या संसर्गानंतर होतो, काहींना दीर्घकाळ मद्यपानाने, काहींना कर्करोगाच्या विशिष्ट औषधांनी. काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांत होतो. नव्या बाळंतिणीची धाप ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरात दुर्लक्षिली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. तान्ह्या मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने रक्तातील कॅल्शियम घटूनही हृदय असेच पसरते. ते कॅल्शियम आणि जीवनसत्त्व देताच काही महिन्यांत सावरू लागते, म्हणून अशा प्रत्येक बाळाचे कॅल्शियम तपासलेच पाहिजे.

या आजाराचे पूर्वीचे चित्र भयावह होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८१ साली १०४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण दगावले होते, आणि त्या मृत्यूंपैकी दोन तृतीयांश पहिल्या दोन वर्षांतच झाले होते. त्या वेळी आमच्या हाती मूत्रल औषधे व डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही नव्हते.

मग परिस्थिती पालटली. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील एका अभ्यासात अतिशय गंभीर हृदयदौर्बल्याच्या २५३ रुग्णांपैकी काहींना एनालाप्रिल व काहींना निष्क्रिय गोळी दिली. सहा महिन्यांत निष्क्रिय गोळीच्या गटातील ४४ टक्के रुग्ण मरण पावले, एनालाप्रिलच्या गटातील २६ टक्के. हे सारेच रुग्ण स्नायुविकाराचे नव्हते, तरी धडा सर्वांना लागू पडला. त्याहून विलक्षण कथा बीटा-ब्लॉकर औषधांची आहे. ही औषधे हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून दुबळ्या हृदयाला ती देणे हा आमच्या पाठ्यपुस्तकांच्या लेखी गुन्हाच होता. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांना ती दिली आणि ते सुधारले. वैद्यकविश्वाला हे पटायला जवळजवळ पाव शतक लागले. १९९९ साली दोन मोठ्या अभ्यासांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. थकलेल्या घोड्याला चाबूक मारण्याऐवजी त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवावे, तसे हे आहे. मात्र औषध अगदी अल्प मात्रेत सुरू करून आठवड्या-आठवड्यांनी वाढवावे लागते.

आज चार प्रकारची औषधे एकत्र दिली जातात. एनालाप्रिलच्या जातीचे किंवा त्याहून सरस ठरलेले सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि चौथे डापाग्लिफ्लोझिन. हे शेवटचे औषध मुळात मधुमेहासाठी निघाले. २०१९ साली ते हृदयदौर्बल्यातही गुणकारी ठरले, आणि २०२० साली भारतातील त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्याची किंमत पुष्कळ खाली आली. या चौघांपैकी बहुतेक औषधे आज मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपण्याजोगी आहेत, ही समाधानाची बाब आहे. ज्यांच्या हृदयातील विद्युतप्रवाह डाव्या बाजूस उशिरा पोचतो, अशांना दोन्ही बाजू एकाच वेळी चालवणारा विशेष पेसमेकर बसवला तर हृदय आकारानेही लहान होऊ लागते.

येथे एक गोष्ट जरा आग्रहाने सांगतो. पंपिंग वीसवरून पंचावन्नवर आले की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘आता गोळ्या बंद करू का?’ हा प्रश्न लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील संशोधकांनी शास्त्रीय रीतीने विचारला आणि २०१८ साली उत्तर मांडले. पूर्ण सावरलेल्या ५१ रुग्णांपैकी २५ जणांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबवली, २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ११ जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटातील एकाचाही नाही. म्हणजे हे सावरणे ही बहुधा आजाराची माघार असते, निर्मूलन नव्हे. कारण तात्पुरते असेल, जसे बालकांतील कॅल्शियमची उणीव, तर गोष्ट निराळी. इतरांनी औषध आपल्या मर्जीने सोडू नये. ‘बरे वाटते म्हणून बंद केले’ असे सांगत चार महिन्यांनी अतिदक्षता विभागात आलेल्या रुग्णांची संख्या माझ्या वहीत थोडी नाही.

आता दुसरा प्रकार, जाड झालेले हृदय. त्याचे आधुनिक वर्णन प्रथम केले ते हृदयतज्ज्ञाने नव्हे, तर शवविच्छेदन करणाऱ्या वैद्याने. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील डोनाल्ड टिअर यांनी १९५८ साली अकस्मात मरण पावलेल्या तरुणांच्या हृदयांचा अभ्यास मांडला. दोन जवनिकांमधील पडदा विलक्षण जाड झालेला, तेथील स्नायुतंतू अस्ताव्यस्त. या पार्श्वभूमीमुळेच पुढे कित्येक वर्षे या आजाराचे नाव तरुणांच्या आकस्मिक मृत्यूशी जोडले गेले. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २००३ साली फ्रान्समधील लियाँच्या मैदानावर सामना चालू असताना कोसळला, त्याचे कारणही हाच आजार होता.

हा आजार दुर्मीळ नाही. पाचशे माणसांत साधारण एकाला तो असतो, आणि त्यांतील अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. भिंतीची जाडी १५ मिलिमीटर किंवा अधिक भरली की निदानाचा विचार होतो. ३० मिलिमीटरपर्यंत पोचली तर आकस्मिक मृत्यूचा धोका बराच वाढतो. येथे पंपिंगचा आकडा मोठी फसवणूक करतो. तो ६५ किंवा ७० टक्के असतो, आणि अहवाल पाहून घरचे लोक निर्धास्त होतात. दोष आकुंचनात नसून प्रसरणात असतो. जाड भिंतीमुळे आतली जागा लहान होते आणि हृदय नीट भरत नाही. शिवाय अनेक रुग्णांत हा जाड पडदा महारोहिणीच्या तोंडाशी आडवा येतो, द्विदली झडपेची पाकळी प्रवाहात ओढली जाते आणि रक्ताची वाटच अडते. धाप, छातीत दुखणे, श्रम करताना चक्कर किंवा बेशुद्धी ही त्याची लक्षणे.

ही अडचण स्थिर नसते, आणि उपचाराची सारी किल्ली त्यात आहे. हृदयात रक्त भरपूर असले तर वाट थोडी मोकळी होते. हृदय रिकामे होऊ लागले की दोन्ही भिंती जवळ येऊन वाट अधिकच आवळते. म्हणून मे महिन्याच्या उन्हात घामाने शोष पडलेला, किंवा निर्जळी उपवास केलेला असा रुग्ण चक्कर येऊन पडू शकतो. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, मूत्रल औषधांचा अतिरेक आणि डिजिटॅलिस हे सर्व अडथळा वाढवतात. छातीत दुखते म्हणून शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवणे ही आपल्याकडची सर्रास चाल. या रुग्णाला ती धोक्याची आहे. पसरलेल्या हृदयाला ज्या औषधांनी आधार मिळतो त्यांतील बरीचशी अडथळ्याच्या आजारात वर्ज्य ठरतात. बीटा-ब्लॉकर तेवढे दोन्हीकडे चालते, पण निराळ्या कारणाने: येथे ते हृदयाला भरायला सवड देते आणि आकुंचनाचा आवेग आवरते. त्याने न भागल्यास व्हेरापामिल किंवा डायसोपिरामाइड देतात.

औषधे अपुरी पडली तर पडद्याचा जाड भाग शस्त्रक्रियेने तासून काढतात. अमेरिकेतील अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या दशकात रुळवलेली ही शस्त्रक्रिया अनुभवी हातांत फार यशस्वी ठरते. पण ‘अनुभवी हात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वर्षातून एखाद-दुसरी अशी शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी ती करून घेऊ नये, असा सल्ला मी स्पष्टपणे देतो. १९९४ साली उलरिख सिगवार्ट यांनी लंडनमध्ये दुसरा मार्ग काढला. त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिणीत थोडे शुद्ध अल्कोहोल सोडून तेवढाच स्नायू निकामी करायचा. वयस्कर किंवा शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णांना तो सोयीचा आहे. आणि आता एक नवे पर्व सुरू झाले आहे. स्नायूतील मायोसिन या प्रथिनाची अतिरिक्त ओढाताण थेट कमी करणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. रोगाच्या मुळाशी जाऊन काम करणारे या आजारातील हे पहिलेच औषध. अर्थात मात्रा जास्त झाली तर हृदय दुबळे होते, म्हणून वारंवार इको करूनच ते द्यावे लागते.

आकस्मिक मृत्यूचे काय? मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतून साकारलेले, ठोके बिघडताच आतूनच विजेचा धक्का देणारे यंत्र १९८० साली प्रथम माणसाच्या शरीरात बसवले गेले. जाड भिंतीच्या आजारात त्याने अनेक तरुणांना तारले आहे. ज्यांना एकदा जीवघेणी लय झाली, ज्यांच्या जवळच्या नात्यात तरुण वयात असा मृत्यू झाला, ज्यांना कारणाविना बेशुद्धी येते किंवा ज्यांची भिंत फारच जाड आहे, त्यांच्यासाठी त्याचा विचार होतो. जुन्या वृत्तांतांत या आजाराचा वार्षिक मृत्युदर चार ते सहा टक्के सांगत. आज योग्य देखरेखीखालील रुग्णांत तो एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. बहुसंख्य रुग्ण पूर्ण आयुष्य जगतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या निदानाने पोरीबाळींची लग्ने मोडलेली आणि मुलांना घरात कोंडलेले मी पाहिले आहे.

तिसरा प्रकार ताठर हृदयाचा. संख्येने सर्वांत कमी, आणि परिणामाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत कठीण. येथे पोकळी मोठी नसते, पंपिंगही बरे असते. पण भिंत सैल सुटत नाही, म्हणून रक्त मागे तुंबते. पोटात पाणी होते, यकृत सुजते, आणि रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. भारतात या गटातील एक आजार केरळात मोठ्या प्रमाणावर होता. हृदयाच्या आतल्या अस्तरावर व्रणासारखा घट्ट थर चढतो. युगांडात कंपाला येथे जे. एन. पी. डेव्हिस यांनी १९४८ साली त्याचे वर्णन केले होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांनी त्यावर शस्त्रक्रिया केल्या, आणि केरळच्या मोनाझाइट वाळूतील सेरियम व आहारातील मॅग्नेशियमची उणीव यांच्याशी त्याचा संबंध असावा असे अनुमान मांडले. ते निर्विवाद सिद्ध झाले नाही. पण राहणीमान सुधारले तसा हा आजार केरळात ओसरत गेला. रुग्णालयाबाहेरच्या बदलांनी एखादा हृदयविकार असा मागे हटावा, हे मला फार लक्षणीय वाटते.

आज या गटात अधिक बोलले जाते ते अमायलॉइडविषयी. एक विकृत प्रथिन स्नायूंच्या तंतूंमध्ये साचत जाते. इकोमध्ये भिंत जाड दिसते आणि म्हणून ‘जाड हृदय’ असे चुकीचे निदान सहज होते. पण ई.सी.जी.वरील रेषा मात्र अपेक्षेप्रमाणे उंच न होता बहुधा खुज्या निघतात. भिंत जाड आणि रेषा खुजी, ही विसंगती दिसली की सावध व्हावे. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या दोन्ही मनगटांतील नस दबून हातांना मुंग्या येत असतील आणि पुढे काही वर्षांनी धाप लागू लागली, तर हा धागा जोडून पाहावा. याचे मुख्य दोन प्रकार. एकात अस्थिमज्जेतील पेशी सदोष प्रथिन बनवतात. हृदय दुबळे झाल्यावर उपचाराविना आयुष्य महिन्यांत मोजावे लागते, म्हणून तो तातडीचा आजार समजून रक्ताच्या कर्करोगासारखे औषधोपचार लगेच सुरू करतात. दुसऱ्यात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन विघटित होऊन साचते. पहिल्या प्रकाराची शंका रक्त व लघवीच्या तपासण्यांनी फिटली, तर दुसऱ्याचे निदान २०१६ पासून हाडांच्या स्कॅनवर, हृदयाचा तुकडा न काढताही, करता येते. टाफामिडिस या औषधाने त्यातील मृत्यू कमी होतात: २०१८ सालच्या अभ्यासात तीस महिन्यांत निष्क्रिय गोळीच्या गटातील ४२.९ टक्के रुग्ण दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के. मात्र साचलेले प्रथिन ते काढून टाकत नाही, पुढची भर रोखते. म्हणून लवकर दिले तर लाभ. २०१९ साली अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २,२५,००० डॉलर ठेवली गेली. विज्ञान पुढे गेले आणि रुग्ण मागे राहिला, असे म्हणण्याची वेळ येते ती अशा औषधांपाशी.

या रुग्णांना बीटा-ब्लॉकर किंवा एनालाप्रिल बरेचदा सोसत नाही. ताठर हृदय प्रत्येक ठोक्याला ठरावीकच रक्त ढकलते. ठोकेच कमी केले तर रुग्णाचा रक्तदाब कोसळतो. पसरलेल्या हृदयाची हुकमी औषधे येथे अशी निरुपयोगी ठरतात, आणि मूत्रल औषधांचा मोजका वापर हाच मुख्य आधार उरतो. थॅलसेमियाच्या मुलांत वारंवार रक्त दिल्याने हृदयात साचणारे लोह मात्र नियमित औषधांनी बाहेर काढता येते.

चौथा प्रकार, ज्यात उजव्या जवनिकेच्या स्नायूची जागा चरबी व तंतू घेतात, त्याचा ऊहापोह इटलीतील पादुआच्या वैद्यांनी फार केला. स्पर्धात्मक व्यायामाने हा आजार बळावतो, म्हणून येथे खेळ सोडणे हाच उपचाराचा भाग होतो. इटलीने १९८२ साली खेळाडूंची ई.सी.जी.सह तपासणी सक्तीची केली, आणि व्हेनेतो प्रांतात पुढील दोन दशकांत तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. जपानमध्ये १९९० साली वर्णिलेल्या ताकोत्सुबो विकाराचा केवळ उल्लेख करतो. तीव्र दुःखाने किंवा भीतीने, मुख्यतः प्रौढ स्त्रियांत, हृदयाचा शेंडा ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा फुगतो आणि बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतो.

कोणत्याही प्रकारात सारे उपाय थकले तर हृदयरोपण उरते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्ड यांच्या पहिल्या रोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, ते धाडस केले होते. रुग्ण काही तासच जगला. अवयवरोपणाचा कायदा झाल्यावर ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी रोपण केले. तेलंगणात आज अवयवांचे वाटप ‘जीवनदान’ या शासकीय योजनेमार्फत होते. रोपणानंतर निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपलीकडे जगतात, पण मिळणारी हृदये गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत.

शेवटी कुटुंबाविषयी. आपल्याच शहरात हबशीगुड्याच्या सी.सी.एम.बी. संस्थेतील कुमारस्वामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून पंचवीस अक्षरे गळालेला बदल भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, आणि स्नायुविकाराच्या रुग्णांत तो बराच अधिक असतो. पुढील संशोधनाने हे चित्र थोडे सौम्य केले. त्या बदलासोबत दुसरा एक दोष असला तर धोका विशेष असतो. केवळ पहिला असलेल्या पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. तेव्हा निरोगी माणसाने कुतूहल म्हणून ही तपासणी करून घबराट ओढवून घेण्यात अर्थ नाही. ज्या घरात स्नायुविकाराचे निदान झाले आहे त्या घराने मात्र रुग्णाच्या आई-वडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा ई.सी.जी. व इको करून घ्यावा. जाड भिंतीचा आजार असेल तर वाढत्या वयाच्या मुलांत ही तपासणी दर एक-दोन वर्षांनी आणि प्रौढांत तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करतात, कारण भिंत बहुधा किशोरवयात जाड होऊ लागते आणि आठव्या वर्षीचा निर्दोष अहवाल अठराव्या वर्षी पुरत नाही. रुग्णात रोगकारक जनुकदोष निश्चित सापडला असेल तर प्रथम तोच नातेवाइकांत शोधावा, आणि ज्याच्यात तो नाही त्याला या पुढील फेऱ्यांतून मोकळे करावे.